डॅशबोर्डची मागची बाजू

स्वतः घडवलेली गाडी दाखवायला काढली की बघणारे आधी बोनेट उघडायला लावतात. मग पत्र्यावर बोटाने टकटक करतात, टायर कुठले, गिअरबॉक्स कोणत्या गाडीचा, खर्च किती, असं विचारतात. स्टिअरिंगखाली मान घालून वायरिंग बघणारा विरळाच. घडवणाऱ्याचा क्रमही बहुधा असाच असतो: आधी चासी, मग इंजिन, मग बॉडी, मग रंग, आणि पैसे व उत्साह दोन्ही तळाला लागले की वायरिंग. ते काम दोन रात्रींत, मिळेल त्या तारेने आणि भरपूर काळ्या टेपने उरकलं जातं. मग पहिल्या पावसात हॉर्न आपोआप वाजायला लागतो आणि हेडलाइट लावला की इंडिकेटर मंदावतो.

ही पुस्तिका त्या शेवटी उरलेल्या कामाविषयी आहे, आणि त्यातल्याही एका लहानशा भागाविषयी: डॅशबोर्डवर आपल्या सोयीची बटणं बसवणं आणि रेझिस्टरच्या मदतीने ती मोजक्या तारांवर चालवणं. एवढ्यासाठी वेगळं पुस्तक कशाला, असं कुणी विचारील. कारण सरळ आहे. इंजिन तयार मिळतं, गिअरबॉक्स तयार मिळतो, सीटसुद्धा भंगारवाल्याकडे मिळते. आपल्या गाडीचं वायरिंग मात्र बाजारात मिळत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं, आणि कशासाठी काय केलं हे आपल्यालाच ठाऊक असावं लागतं.

आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात गाड्या घडवण्याची हौस नवी नाही. वणीच्या तरुणांनी हायड्रोजनवर चालणारी गाडी बनवली तेव्हा तिच्या बातम्या राज्यभर झळकल्या. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीच्या एका तरुण वेल्डरने तर त्याहून मोठा घास घेतला. मारुती ८०० चं इंजिन लावून त्याने एका माणसापुरतं हेलिकॉप्टर उभं केलं. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवर चाचणी चालू असताना पंख्याचं पातं तुटलं आणि त्यात त्याचा जीव गेला. त्या अपघाताचा वायरिंगशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पण अशा प्रयत्नांच्या बातम्या आपल्याकडे एकाच ठशाच्या छापल्या जातात, 'भंगारातून साकारलं स्वप्न', आणि त्यात घडवणाऱ्याच्या सुरक्षिततेविषयी एक ओळही नसते. भंगारातून इंजिन आणावं, खुशाल आणावं. भंगारातली तार मात्र आणू नये, कारण तिने याआधी किती ताप सोसला आहे हे ती सांगत नाही.

बाहेरच्या देशांत या हौसेला एक चौकट मिळाली. ब्रिटनमध्ये १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची दोन माणसांची हलकी गाडी आणली. ती सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडली तर तेव्हाचा खरेदीकर लागत नसे, म्हणून गॅरेजात बसून गाडी जोडणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. १९७३ मध्ये तो कर गेला, त्याच वर्षी त्या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, पण हौस टिकली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं अडीचशे पौंडात स्पोर्ट्स कार बांधायला शिकवणारं पुस्तक आलं आणि जुन्या फोर्डचे भाग व चौकोनी पाइप घेऊन लोक पुन्हा कामाला लागले. तिथे अशी एकेकटी गाडी सरकारी तपासणीला नेता येते आणि पास झाली तर रस्त्यावर आणता येते.

आपल्याकडे तशी वाट नाही, आणि हे प्रस्तावनेतच सांगितलेलं बरं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमानुसार गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ही व्यवस्था कारखानदारासाठी आहे, एकच गाडी बांधणाऱ्या हौशी माणसासाठी नाही. नोंदणी झालेल्या गाडीत मूळ कारखानदाराने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ आणखी घट्ट केला. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराने दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक करतानाच ती नियमांत बसत नाही हेही लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. त्या जीपची किक मला फार बोलकी वाटते. स्टार्टर मोटर, तिची जाड केबल आणि सोलेनॉइड यांचा सगळा प्रश्नच त्या माणसाने बाजूला ठेवला होता. जे झेपणार नाही ते गाडीत न घालणं हीसुद्धा वायरिंगमधली अक्कलच आहे.

तेव्हा इथे जे सांगितलं आहे ते मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांसाठी. पहिले विद्यार्थी. पुसदचं बाबासाहेब नाईक किंवा यवतमाळचं जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय असो, नाहीतर तालुक्याचं आयटीआय, जिथे वर्कशॉप आहे तिथे गाडी घडवण्याची इच्छा असते. २००७ पासून चालू असलेल्या बाहा एसएईइंडियासारख्या स्पर्धा त्या इच्छेला मैदान देतात, आणि तिथल्या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर यायच्याच नसतात. दुसरे लोक म्हणजे शेतात, आवारात फिरवायला एखादं वाहन बांधणारे, आणि त्यांच्याकडे ज्याला बोलावलं जातं तो गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन. या शेवटच्या माणसाला पुस्तकातलं निम्मं ज्ञान हाताने आधीच ठाऊक आहे. उरलेल्या निम्म्याला त्याने कधी आकड्यांत बसवलेलं नसतं, इतकंच.

मुद्द्याला येऊ. डॅशबोर्डवर चार बटणं बसवायची तर साधा हिशोब असा की चार तारा जाणार आणि एक परतीची. स्टिअरिंगवर बसवायची तर या पाच तारा फिरत्या चाकातून बाहेर काढायच्या. कारखान्यातल्या गाड्यांनी हा प्रश्न फार आधी सोडवला. स्टिअरिंगवरच्या आवाज वाढव, आवाज कमी कर, पुढचं गाणं या बटणांना अनेक गाड्यांत एकच सिग्नलची तार असते. प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर बसवलेला असतो आणि कोणतं बटण दाबलं हे व्होल्टेजवरून ओळखलं जातं. गाडीला नवा अँड्रॉइड प्लेअर बसवणारा दुकानातला पोरगा दिवसातून दोनदा हेच करतो: 'की वन'ची तार जोडतो, स्क्रीनवर 'लर्निंग' उघडतो, एकेक बटण दाबून प्लेअरला शिकवतो. ओहमचा नियम १८२७ मध्ये छापला गेला. त्या पोराने त्याचं नाव ऐकलं असो वा नसो, त्याचं पोट त्या नियमावरच चालतं.

खरं तर डॅशबोर्डचा रेझिस्टरशी संबंध या बटणांहून जुना आहे. पेट्रोलच्या टाकीतला तरंगता गोळा एका रेझिस्टरवर सरकतो आणि काटा हलतो. इंजिन तापल्याचं दाखवणारा सेन्सर म्हणजे तापमानाने किंमत बदलणारा रेझिस्टरच.

आता आकडे. कंट्रोलरकडून, म्हणजे बहुतेकांच्या हातात असतो त्या आर्डुइनो उनोकडून, ५ व्होल्ट १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून काढायचे आणि ती तार बटणांच्या पट्टीपर्यंत न्यायची. कंट्रोलरची व्होल्टेज मोजणारी पिन याच तारेवर बसते. पट्टीवर चार बटणं, त्यांच्यामागे अनुक्रमे ३३०, ८२०, १८०० आणि ४७०० ओहम. बटण दाबलं की ती तार त्या रेझिस्टरमधून परतीच्या तारेला मिळते आणि ५ व्होल्ट दोघांत वाटले जातात. याखेरीज पट्टीच्या अगदी शेवटी एक २२ किलोओहमचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवायचा, त्याला बटण नाही. आता काहीच दाबलं नसताना पिनवर साधारण ४.७८ व्होल्ट दिसतात. ४७०० चं बटण दाबलं तर ३.९७, १८०० चं दाबलं तर ३.१२, ८२० चं दाबलं तर २.२१ आणि ३३० चं दाबलं तर १.२३. प्रत्येक पायरीत पाऊण ते एक व्होल्टचं अंतर. उनो हे ० ते १०२३ अशा अंकांत वाचतो, म्हणजे एका पायरीला दीडशेहून जास्त अंक मिळतात. गोंधळायला जागा उरत नाही.

तो शेवटचा २२ किलोओहमचा रेझिस्टर अनेक नकाशांत नसतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तो नसेल तर तार तुटलेली असो की बटण दाबलेलं नसो, कंट्रोलरला दोन्ही सारखंच दिसतं. तो असेल तर शांत बसलेली पट्टी ४.७८ दाखवते आणि तुटलेली तार पूर्ण ५ दाखवते. तसंच शून्य ओहमवर कोणतंही बटण ठेवलेलं नाही, त्यामुळे चासीला घासून तारेचं इन्सुलेशन गेलं आणि ती उघडी पडून अर्थला टेकली, तर येणारं शून्य व्होल्ट हे बटण नसून बिघाड आहे हे कळतं. घरफोडीचा अलार्म बसवणारे तारेच्या शेवटी असाच एक रेझिस्टर ठेवतात, कारण चोर आधी तार कापतो.

इथे एक सवय लावून घ्यावी असं वाटतं, आणि ही पुस्तिका वाचताना ती पानोपानी भेटेल. प्रत्येक बटणापाशी थांबून विचारायचं: ही तार तुटली तर काय होईल? लहान पेट्रोल इंजिनांत, बाहाच्या गाड्यांत असतात तशा, मॅग्नेटोचं इग्निशन असतं आणि किल स्विच ती तार अर्थ करून इंजिन बंद करतो. तिथे तार तुटली तर इंजिन चालूच राहतं आणि स्विच दाबून उपयोग नाही. मारुतीसारख्या बॅटरीवर ठिणगी देणाऱ्या इंजिनात उलट आहे. तिथे स्विच पुरवठा तोडतो, म्हणून तार तुटली तर इंजिन आपसूक बंद पडतं. बटणं दिसायला सारखीच, लाल आणि गोल. बिघडल्यावर एक गाडी थांबवतं, दुसरं थांबवू शकत नाही. स्पर्धेच्या नियमांत किल स्विच एक चालकाच्या हाताशी आणि एक गाडीच्या बाहेरून पोचता येईल असा, दोन मागितलेले असतात. त्यामागचं कारण मुलांना पाठ नसतं, फक्त मार्क जातात हे पाठ असतं.

त्यामुळे एका तारेवर बटणं बसवण्याची ही युक्ती कितीही देखणी असली तरी तिला कुठे शिरू द्यायचं नाही हे आधी ठरवावं लागतं. दोन बटणं एकदम दाबली तर दोन रेझिस्टर समांतर होतात आणि भलताच आकडा येतो. ३३० आणि ८२० एकत्र दाबले तर ०.९४ व्होल्ट मिळतात, ते कंट्रोलरला ३३० चंच बटण वाटू शकतं आणि ८२० चं बटण दाबलेलं असूनही हरवतं. गाण्याच्या बाबतीत हे चालेल. हॉर्नच्या बाबतीत नाही, कारण समोर बैल आडवा आल्यावर माणूस काय काय एकदम दाबील याचा नेम नाही. किल स्विच, स्टार्टर, हॉर्न, ब्रेक लाइट, हेडलाइट, इंडिकेटर या सगळ्यांना स्वतःची तार, स्वतःचा फ्यूज, आणि जिथे करंट जास्त तिथे रिले. वायपरविषयी मतभेद आहेत. काही जण तो सोयीच्या बटणांत धरतात. विदर्भातला जुलैचा पाऊस पाहिलेला माणूस तसं धरणार नाही. आतला दिवा, स्क्रीनचं पान बदलणं, ट्रिप मीटर शून्यावर आणणं, गाणी, फोन, एवढंच एका तारेवर जावं.

आणखी एक घोटाळा नवशिक्यांच्या हातून हमखास होतो. बटणांची परतीची तार जवळच्या चासीच्या नटाखाली दाबून टाकली जाते, कारण 'बॉडी अर्थ आहेच'. दोन हेडलाइट मिळून ९ ते १० अँपिअर घेतात आणि तोच करंट त्याच गंजलेल्या नटातून परत जातो. त्या जोडात ०.१ ओहम असले तरी १० अँपिअरला पूर्ण १ व्होल्टचा फरक पडतो. म्हणजे ३३० चं बटण १.२३ ऐवजी जवळजवळ २ व्होल्ट दाखवू लागतं आणि कंट्रोलर ते ८२० चं समजतो. दिवसा नीट चालणारी बटणं रात्री वेड्यासारखी वागतात ती अशी. परतीची तार थेट कंट्रोलरच्या अर्थलाच जायला हवी. याउलट गाडीच्या व्होल्टेजमधल्या चढउताराची चिंता फारशी नको. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट असतात, स्टार्टर फिरताना ते दहाच्या खाली घसरू शकतात, पण बटणांची पट्टी आणि मोजमाप दोन्ही एकाच नियंत्रित ५ व्होल्टवर असतील तर गुणोत्तर बदलत नाही. पट्टी सरळ १२ व्होल्टवर चालवणाऱ्याला मात्र ही सवलत नाही, आणि त्याच्या कंट्रोलरलाही नाही.

रेझिस्टर म्हटल्यावर लोक फक्त ओहम विचारतात, वॅट कुणी विचारत नाही. ३३० चा पाव वॅटचा रेझिस्टर आपल्या बटणांत ४ मिलिअँपिअरच्या आत चालतो आणि थंड राहतो. तोच इंडिकेटरच्या लाल एलईडीला १४ व्होल्टवर लावा. त्याच्यात जवळपास अर्धा वॅट उष्णता तयार होईल आणि तो काळवंडेल. तिथे १ किलोओहम, अर्धा वॅट हवा. आणि साध्या बल्बच्या जागी एलईडी इंडिकेटर लावल्यावर जुना फ्लॅशर धडाधड लुकलुकायला लागतो, तेव्हा दुकानदार जो सोनेरी ॲल्युमिनियमचा ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर देतो तो तर सरळ २४ वॅटचा हीटर आहे. प्लॅस्टिकला चिकटवला तर प्लॅस्टिक वितळतं. तो पत्र्यावर स्क्रूने बसवावा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे तो घेऊच नये आणि एलईडीसाठी असलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा. एलईडी बसवून वीज वाचवायची आणि ती रेझिस्टरमध्ये जाळायची, याला काय म्हणावं?

आता हवा आणि माती. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर सहज तापतो. रेझिस्टरला याचं काही वाटत नाही, मेटल फिल्मचा असेल तर अर्धा टक्काही हलत नाही. हलते ती तार. घरगुती वायरिंगच्या साध्या पीव्हीसी तारेचं इन्सुलेशन ७० अंशांपर्यंतच धरलेलं असतं, आणि एकाच जाड तांब्याची तार धक्क्यांनी आत तुटते, बाहेरून अखंड दिसते. गाडीसाठी बनवलेली बहुधागी तार थोडी महाग पडते, तीच घ्यावी. जोड पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा लग दाबून, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी. उन्हाळ्यात टेपचा डिंक पाघळतो आणि काळ्या मातीची धूळ त्याला चिकटून बसते.

धुळीपेक्षा बटणाची निवड जास्त दगा देते. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातलं दणकट हॉर्नचं बटण भरवशाचं वाटतं, पण ते अँपिअरमध्ये करंट वाहण्यासाठी बनलेलं असतं. जास्त करंटची ठिणगी त्याच्या संपर्कावरचा ऑक्साइडचा थर जाळत राहते. दोनचार मिलिअँपिअरला ते होत नाही. थर साचतो, संपर्कात ३००-४०० ओहम वाढतात आणि ३३० चं बटण ८२० असल्याचं सांगू लागतं. कमी करंटसाठी सोन्याचा मुलामा दिलेल्या संपर्काची लहान बटणं मिळतात, वर रबराचं टोपण असलेली घेतली की पाण्याचाही प्रश्न मिटतो. दिसायला ती किरकोळ वाटतात, घेताना हात मागे येतो, पण या कामाला तीच लागतात.

पुस्तिकेची मांडणी वापरणाऱ्याच्या क्रमाने आहे. पहिल्या भागात तार कापायची नाही, फक्त कागदावर काढायची: कोणत्या बटणाला काय चालवायचं, किती करंट, कोणता फ्यूज, कोणत्या रंगाची तार. दुसऱ्यात टेबलावर ब्रेडबोर्डवर चार बटणं उभी करून मल्टिमीटरने वर दिलेले आकडे स्वतः मोजायचे. ते जुळेपर्यंत गाडीकडे जायचं नाही. तिसऱ्यात मुद्दाम बिघाड करायचे: तार काढायची, ती अर्थला टेकवायची, संपर्कात जास्तीचे ४०० ओहम घालायचे, दोन बटणं एकदम दाबायची, आणि मल्टिमीटर प्रत्येक वेळी काय म्हणतो ते लिहून ठेवायचं. प्रोग्रॅम त्यानंतर येतो, तोही छोटा आहे. बटण दाबल्यावर संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो, म्हणून एकदा वाचून विश्वास ठेवायचा नाही, २० ते ५० मिलिसेकंद तोच आकडा टिकला तरच तो धरायचा. चौथा भाग रिले, फ्यूज बॉक्स आणि अर्थचा आहे. तो सगळ्यांत लांब आहे आणि कंटाळवाणा वाटेल, पण आग लागते ती त्यातल्याच चुकांनी.

लागणारं सामान फार नाही: १ टक्का सहनशीलतेच्या मेटल फिल्म रेझिस्टरची पाकिटं, बरा मल्टिमीटर, लग दाबायची चांगली पक्कड, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न. मोठी खरेदी पक्कडीची आहे, तिथे काटकसर करू नये. उनोऐवजी दुसरा कंट्रोलर असेल आणि तो ३.३ व्होल्टवर चालत असेल तर पट्टीलाही ३.३ च द्यावेत. रेझिस्टर तेच राहतील, फक्त वरचे व्होल्टचे आकडे त्या प्रमाणात कमी होतील, आणि त्यांचा तक्ता परिशिष्टात दिला आहे.